तोलाच्या ओळी

४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणाचं टेबल—डुगडुगत नाही, पायाखाली कागदाची घडी सरकवावी लागत नाही. स्वयंपाकघरातली मांडणी, एकही खिळा न ठोकता, नुसत्या खाचांवर उभी. गॅलरीच्या दाराची कडी. बाहेरची घंटा दाबली की आत लागणारा पिवळा दिवा, कारण हिला घंटा ऐकू येत नाही. दुकानातलं वजनकाटे तपासायचं यंत्र. आणि पाटी. सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही, कुठल्या कॉलेजची पायरी चढलो नाही. पुस्तकं आणली, चुकलो, मोडलं, पुन्हा केलं.

हे सगळं लिहून काढतोय कारण मन थाऱ्यावर नाही. आज शाळेतून निरोप आला. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी हिने सातवीच्या वर्गावर विज्ञानाचा एक तास घेऊन दाखवायचा. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसून बघणार. मुलं काय विचारतात ते हिला कळलं, तर पुढच्या सत्रापासून वर्ग परत. नाही कळलं, तर ऑफिसात एक टेबल. हजेऱ्या, दाखले, शिक्के.

गेल्या वर्षीच्या तापात हिचे कान गेले. ताप उतरला, ऐकू येणं परत आलं नाही. तेव्हापासून ही घरी आहे. निरोप वाचून एवढंच म्हणाली, "शिक्के मारायला कान लागत नाहीत, नाही का." आणि भाजी चिरायला बसली. भाजी फार बारीक चिरली गेली आज.

५ फेब्रुवारी, बुधवार

सगळी भिस्त पाटीवर. तेव्हा ती काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवतो.

पाटी हे नाव हिचं. शिक्षिका ना! वहीएवढा स्क्रीन, खाली माइक, मागे टेकू. समोरचा बोलतो, त्याचं बोलणं स्क्रीनवर अक्षरांत उमटतं, ही वाचते. बोलणं ऐकून त्याची अक्षरं करणारा भाग विकतचा आहे. तो मी केला असं मी कुणालाही सांगणार नाही. पण तो भाग अक्षरं देतो कशी? एक लांबच लांब दोरी. ना ओळ, ना थांबा. ती दोरी दोन ओळींत बसवणं, हे काम माझं.

बाकीचे प्रोग्रॅम काय करतात—वरची ओळ कोंबून भरतात आणि उरलंसुरलं खाली ढकलतात. वर काठोकाठ शब्द, खाली एकटा ‘आहे’ लोंबतोय. एका पारड्यात पोतं आणि दुसऱ्यात लिंबू. ज्याचा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला त्याला हे बघवत नाही.

माझा कोड तोलतो. दोन शब्दांमध्ये जिथे जिथे मोकळी जागा आहे तिथे तिथे तोडून बघतो, दोन्ही ओळींची रुंदी मोजतो, आणि फरक जिथे सगळ्यात कमी तिथे खरी तोड. रुंदी मोजतो, अक्षरं नाही! ‘र’ आणि ‘क्ष’ सारख्या जागेत मावत नाहीत. अक्षरं मोजून ओळ तोडणारा म्हणजे पिशव्या मोजून धान्य विकणारा.

शेजारच्या शिंप्याला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे दोन्ही बाह्या सारख्या आल्या पाहिजेत, एवढंच ना? त्यात काय सांगायचं. वर चहाही माझ्याच खात्यावर प्याला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठी सुधारणा केली.

आजवर पाटी वाक्य संपेपर्यंत थांबायची, मग तोलून दोन ओळी दाखवायची. घरात ठीक. वर्गात मूल विचारून खाली बसेल तरी पाटी कोरीच! म्हणून आता शब्द येईल तसा लगेच दाखवायचा आणि प्रत्येक नव्या शब्दासरशी दोन्ही ओळी पुन्हा तोलायच्या. कुठल्याही क्षणी बघा, वरची नि खालची सारखी. वर्तमानपत्रातली लांबलचक वाक्यं आत टाकून बघितली. दर वेळी दोन ओळी अशा बसल्या, की नखाएवढा फरक नाही. वीतभर छाती फुगली हे इथे लिहायला हरकत नाही.

हिला दाखवलं. "छान दिसतं," म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरीला, दर रविवारी चेहरा दाखवून बोलते. पाटी फोनसमोर ठेवली. पोर म्हणाली, रजा मिळाली तर आईच्या तासाच्या वेळी येईन, पण कठीण दिसतंय, साहेब हलू देत नाहीत. हिने हसून विचारलं, मग कुठल्या गाडीने निघतेस?

 पोर जरा मोठ्याने बोलली, जशी सगळीच बोलतात, जणू मोठ्याने बोलून काही होणार आहे.

मी पाटीकडे बघितलं. पोरीचं वाक्य अक्षर न् अक्षर बरोबर उमटलेलं, दोन सुबक ओळींत. मग ही असं का बोलली? वाचलं नाही? वाचून कळलं नाही?  

११ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून कपाळाला रुमाल बांधून पडली. ऊन लागलं असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ऊन नव्हे. आज पुन्हा. आणि जेवताना उठली तर टेबलाला धरून उभी राहिली. घेरी आली का, विचारलं. मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही.

गेल्या वर्षी तापाच्या आधीही अशीच सुरुवात होती. डोकं, मग घेरी. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की ही दोन्ही एकदम दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. उद्या सकाळी दुकान बंद.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी डोळ्यांत बत्ती मारून बघितलं, एका रेषेवरून चालायला लावलं, मग खाली जाऊन स्कॅन काढायला सांगितलं. डोकं साधारण कधी दुखतं, असं त्यांनी विचारलं. पाटी त्यांच्या टेबलावर होती. हिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "संध्याकाळी," म्हणाली. अजून काही बोलणार असं वाटलं. बोलली नाही.

तेवढ्यात एक माणूस आत येऊन कोपऱ्यात उभा होता. कानातली यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा, गळ्यात टाय, हातात बॅग. तो वाकून पाटी बघायला लागला. कुणी केलं हे, म्हणाला. मी म्हटलं, मी. कुठल्या कंपनीत असता? म्हटलं, वजनकाटे दुरुस्त करतो. त्याला थट्टा वाटली. मग म्हणाला, आमच्या स्क्रीनवर शेवटचा शब्द नेहमी लोंबत असतो, तुमच्या ओळी बघून डोळे निवले. विचारून फोटो काढला, माझा नंबर घेतला, कार्ड दिलं.

खोटं कशाला लिहू, आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाने माझ्या कामातली नेमकी तीच गोष्ट ओळखली, जिच्यासाठी मी घासलो. आणि दहाच मिनिटांत ही खाली त्या नळीत झोपलेली! कार्ड खिशात टोचत होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट उद्या. दुकानात एक काटा दोनदा उघडून दोनदा तसाच बंद केला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्कॅन साफ. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, ताण असेल.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण संध्याकाळी पुन्हा तेच, डोकं. साफ आहे तर दुखतं कशाने? स्कॅनमध्ये दिसत नाही असं काही असेल तर? यंत्रं चुकतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक. काटा बरोबर वजन दाखवतो म्हणून गिऱ्हाईक शपथ घेतं आणि मी झाकण उघडतो तर आत मुंगळा मेलेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

हिच्यावर नजर ठेवून होतो. दिवसभर ठीक. कपडे वाळत घातले, झाडांची माती बदलली, मुलांसाठी तक्ता रंगवला. मी दुकानातून आलो, हात धुतले, पाटी लावली, दोघं बोलायला बसलो, आणि तासाभरात कपाळावर आठी. म्हणजे दिवस मावळला की दुखणं डोकं वर काढतं. तापही असाच संध्याकाळी चढायचा.

आणखी एक. आल्यावर बघितलं तर पाटीवर पुसायचं फडकं टाकलेलं. धूळ बसते म्हणाली. मी केलेल्या वस्तूवर धूळ मी बसू देतो का?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तालीम घेतली. ही फळ्यासमोर, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारासमोर. मी सातवीचा विद्यार्थी. गोल टक्कल असलेला सातवीचा विद्यार्थी बघून ही हसली, तेवढंच. मी विचारलं की बाई, बर्फ पाण्यापेक्षा हलका का असतो, तो पाणीच आहे ना? हिने पाटीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पाण्याची वाफ कशी होते ते सांगायला लागली. दुसरा प्रश्न लांबवून विचारला. ही अर्ध्यातच म्हणाली, पुन्हा सांग. तिसऱ्याला डोळे मिटून घेतले.

मला राहवलं नाही. समोर जाऊन, ओठ दिसतील असं सावकाश म्हटलं, "जमत नसेल तर शाळेला कळवू या. कुणी काही म्हणणार नाही."

"जमत नाही असं मी म्हटलं?"

मग खडू ठेवला आणि आत गेली. दाराला मी लावलेलं रबर आहे, आपटलं तरी आवाज होत नाही. पण तिने आपटलं हे कळलं.

शेवटचा शुक्रवार जवळ येतोय. तिला वर्ग हवा आहे, बाकी काही नको आहे, हे मला कळतं. आणि तिचं काहीतरी बिघडतंय, हेही मला दिसतं. दोन्ही एकदम खरं असेल तर मी काय करू?

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेव्हणी आली. हिची धाकटी बहीण, जीभ म्हणजे करवत. दुपारभर दोघी गॅलरीत, एकमेकींच्या तोंडाकडे बघत, हातवारे करत गप्पा. पाटी नाही, काही नाही. लहानपणापासूनच्या खाणाखुणा, त्यांना पाटी लागत नाही. मी दुकानातून लवकर आलो तेव्हा ही खळखळून हसत होती. डोकं? अजिबात नाही म्हणे.

निघताना मेव्हणी जिन्यात थांबली. मी काळजी बोलून दाखवली. डोकं, घेरी, स्कॅन, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावोजी, कान बंद करून बसलात का कधी त्या पाटीसमोर?"

मी म्हटलं, मी शेकडो वाक्यं तपासली आहेत.

"ते नाही विचारलं मी," म्हणाली आणि उतरली.

राग आला. मेव्हणीला कोडमधलं काय कळतं? 

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाटी दुकानात नेली. मेव्हणीला खोटं पाडायला, दुसरं काही नाही.

कानात कापूस घातला, वरून ग्राइंडर चालवताना कानांवर घालतो ते जाड गोळे चढवले. शिंप्याला बोलावलं आणि खुणेने सांगितलं, बोल. काय बोलू? काहीही. त्याला काय, तोंड सोडलं की संपलं. कुठल्याशा गिऱ्हाइकाची पँट आणि त्याची सासू असं काहीतरी चालू होतं.

काहीतरी, कारण मला वाचताच आलं नाही.

खालच्या ओळीत चार शब्द आले. वाचायला लागलो, तर पाचवा आला, आणि खालचा पहिला शब्द वर उडी मारून गेला. त्याला शोधायला वर गेलो. तेवढ्यात आणखी दोन आले, ओळी पुन्हा तोलल्या गेल्या, आणि त्याच्या मागचा शब्दही वर! मी ज्या जागी बघतोय तिथे तो नाही, जिथे नाही तिथे आता तो आहे. वाक्य संपलं की सगळं थांबतं, दोन देखण्या ओळी. पण वाचणारा तोवर पार मागे पडलेला, आणि पुढचं वाक्य सुरू. दहा मिनिटं नसतील झाली, कानशिलं ठणकायला लागली. गोळे उतरवून उठलो तर टेबल धरावं लागलं.

टेबल धरावं लागलं.

मी हे आधी बघितलं कसं नाही! बघितलं नाही, कारण मला ऐकू येतं. समोरचा बोलतो तेव्हा मी ऐकतो, त्याच्या तोंडाकडे बघतो, आणि त्याचं संपलं की कौतुकाने पाटीकडे वळतो. तेव्हा शब्द आपापल्या जागी बसलेले असतात. तपासायला टाकली तीही तयार वाक्यं, एका घासात. शब्द येताना मी एकदाही पाटी वाचलेली नाही. ज्याचा डोळा पाटीवरच टांगलेला आहे त्याला काय दिसतं, हे मी कधी बघितलंच नाही.

डोकं संध्याकाळी दुखतं, कारण संध्याकाळी मी घरी येतो.

शिंपी विचारत होता, कशी झाली गोष्ट? म्हटलं, सासूचं काय झालं ते नाही कळलं. तो म्हणाला, सासू तर सुरुवातीलाच गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दुकानात गेलो नाही. पाटी बंद करून टेबलावर पालथी ठेवली. हिच्यासमोर बसलो, सावकाश बोललो.

"शब्द उड्या मारतात. का नाही सांगितलंस?"

ही पालथ्या पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही इतक्या कौतुकाने बघत होतात. पाटीकडे नाही. माझ्याकडे, मी वाचताना."

मी म्हटलं, डॉक्टरांकडे गेलो, स्कॅन काढला! तेव्हा तरी?

"तेव्हाच सांगणार होते. पण तो माणूस आला, आणि ओळींचं बोलायला लागला. तुमचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा बघितला नव्हता. म्हटलं, राहू दे. जाईन नळीत."

 

तिने पाटी सुलटी करून माझ्यापुढे सरकवली. "शुक्रवारच्या आत होईल?" म्हणाली. शिक्षिकेच्या आवाजात.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर दोघं बसलो. नियम तिने सांगितला, मी लिहून घेतला: एकदा दिसलेला शब्द आपल्या ओळीतून हलता कामा नये.

मी वाद घातला. म्हटलं, निदान वाक्य संपल्यावर तरी एकदा तोलू दे, मग कुणाचं काय बिघडतं? म्हणाली, मी तेव्हाच मागे जाऊन सुटलेला शब्द बघत असते. हलवू नका. म्हटलं, हळूच सरकवला तर? हलवू नका.

म्हणजे वरची ओळ भरेल तितकी भरायची, मग खालची, मग वरची निघून जाऊन खालची वर. शेवटचा शब्द लोंबला तर लोंबला. म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्रॅम करतात तेच! तोलायचा सगळा कोड वेगळ्या फाइलीत उचलून ठेवला. पुसून टाकवेना. त्याच्या जागी जे राहिलं ते कुणीही दुपारच्या सुट्टीत लिहील.

लेकीचा फोन आला. पोर बरंच बोलली, ऑफिसातली तक्रार, भाड्याची खोली, एक कुणी मुलगा ज्याच्याबद्दल ती काहीच सांगत नव्हती. ही म्हणाली, काहीच सांगायचं नव्हतं तर त्याचं नाव दोनदा का घेतलंस? पोर दचकून हसली. पाटीवर खाली एकटा ‘नाही’ लोंबत होता. मी दुसरीकडे बघितलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं दुखलं नाही. कालही नाही.

पण आता दुसरी काळजी. वर्गात गलका असतो. दोन मुलं एकदम बोलली तर? माइक बाकांपर्यंत पोचेल? ही म्हणते, मुलांचं माझ्यावर सोडा, दोन मुलं एकदम बोलली तर मी पूर्वीही एकाला बसवत होते. शाळेत जाऊन खोली बघून आलो. छत उंच, खिडक्या रस्त्याकडे, आवाज घुमतो. शिपाई विचारत होता, वीजवाले का तुम्ही?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. हिने साडीला तीनदा इस्त्री केली, मी माइकची तार.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मला वर्गात बसू दिलं नाही. बरोबरच आहे. बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो, दाराच्या काचेतून तिरपी पाटी आणि हिचा अर्धा चेहरा दिसत होता. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर, गुडघे बाकात अडकलेले.

सुरुवातीला मुलं गप्प. बिचारी मुलं, त्यांना कुणीतरी दम दिलेला. ही म्हणाली, "मला ऐकू येत नाही, ही पाटी ऐकते. पाटीला आरडाओरडा आवडत नाही. बाकी मी तीच आहे, गृहपाठ तपासणार." मग एक मुलगी उठली. तिचा प्रश्न लांब होता, अडखळत, मध्येच बदलणारा. ही पाटीकडे बघत होती, डोळे डावीकडून उजवीकडे जात होते, एकदाच, सरळ, परत न फिरता. प्रश्न संपला तेव्हा तिने वर बघितलं. पाटीकडे नाही, मुलीकडे. आणि उत्तर दिलं. बरोबर त्याचंच.



मग सुरूच झालं. एकाने खिडकीजवळून विचारलं, तेव्हा ट्रक गेला आणि पाटीवर काहीतरी अगम्य उमटलं.  ही वाचून म्हणाली, "पाटी म्हणते की बेडूक साखरेचं बँकेत लग्न. तुला हेच विचारायचं होतं?" वर्गात हशा फुटला. मुख्याध्यापिकांनीही तोंडावर वही धरली. मुलाने पुन्हा विचारलं.

ओळी वेड्यावाकड्या होत्या. काचेतूनसुद्धा दिसत होतं—वर गच्च, खाली एक ‘का’. वर गच्च, खाली एक ‘का’. मुलांचे सगळे प्रश्न ‘का’नेच संपतात.

घंटा झाली. हिला ती ऐकू आली नाही, मुलांनी सांगितली नाही. पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कुठे थांबली.

निर्णय सोमवारी.

१ मार्च, शनिवार

मेव्हणीला फोन केला. चूक झाली म्हटलं. ती म्हणाली, कोण बोलतंय? आमच्या भावोजींचा आवाज तर असा नाही.

३ मार्च, सोमवार

वर्ग मिळाला! सातवी आणि आठवी, पुढच्या सत्रापासून. मुख्याध्यापिकांनी स्वतः सांगितलं. एक अट—पाटी बिघडली तर दुरुस्तीला माणूस त्याच दिवशी आला पाहिजे. ही म्हणाली, माणूस घरचाच आहे, फक्त त्याला हलवायची सवय आहे.

संध्याकाळी टायवाल्याचा फोन. फोटो त्याने वर दाखवला, वरचे लोक खूश आहेत, गुरुवारी घरी येतो म्हणाला.  हिला सांगितलं. तिने चांगला शर्ट काढून ठेवला माझा.

६ मार्च, गुरुवार

टायवाला येऊन गेला. नव्या ओळी बघून त्याचं तोंड पडलं. या नकोत, म्हणाला, फोटोतल्या द्या. मी सांगितलं, त्या वाचणाऱ्याला वाचता येत नाहीत. तो माझ्याकडे सरकला, आवाज खाली केला: "साहेब, ही वस्तू ऐकू न येणारा माणूस कधी विकत घेत नाही. त्याचा मुलगा घेतो, नवरा घेतो. त्यांना छान दिसली पाहिजे."

ही समोर बसून वाचत होती. हळू बोललेलं असो की मोठ्याने, पाटीवर अक्षरं तेवढ्याच आकाराची येतात.

तोलायचा सगळा कोड त्यांचा, खोक्यावर नाव माझं, आणि चार लाख ऐंशी हजार रुपये, असं त्याने सांगितलं. मी नाही म्हटलं.